लास्ट डॉन आणि निळे तळपाय

तुम्ही एका गाठोड्यावर उभे आहात, असं समजा. गाठोडं खाकी कापडाचं आहे. आत जीन्सच्या पँटी आहेत, त्यामुळे ते पायाखाली कडक लागतं आणि जरा डगमगतं. चपला तुम्ही बाजूला काढून ठेवल्यात, कारण माल दुसऱ्याचा आहे. तुमच्यासमोर तुमच्याहून उंच अशी लाकडी पेटी आहे आणि पेटीत काचेमागे एक रंगीत पडदा. डाव्या मुठीत लाल गोळ्याचा दांडा, उजव्या हाताच्या बोटांखाली दोन बटणं. गाठोडं काढलं, तर तुमचे हात बटणांपर्यंत पोचायचे नाहीत. एवढं डोळ्यांसमोर आलं ना? मग आता तुम्ही खाली उतरा आणि तिथे अंजनीला उभं राहू द्या.

अंजनी अंबरनाथच्या बुवापाड्यात राहायची. एकोणीसशे पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट, तेव्हा ती सहावीत होती. तिची आई, गयाबाई, घरी बसून जीन्सचे धागे काढायची. उल्हासनगरच्या पाच नंबरच्या कॅम्पात जेठानंद सेठचा कारखाना होता. तिथे शिवलेल्या पँटींना शिलाईचे सुटे धागे लोंबत असत. ते बारीक कटरने कापायचं काम आसपासच्या बायका घरी नेत. गयाबाईचं काम सेठला पसंत होतं. ती प्रत्येक खिसा उलटा करून आतून अंगठा फिरवायची, एक धागा सुटायचा नाही. अंजनीचं काम गाठोडं पोचवायचं आणि नवं आणायचं. सकाळची शाळा सुटली की ती गाठोडं डोक्यावर घेऊन निघायची.

कारखान्याच्या दोन दुकानं अलीकडे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. नवा माल मिळायला वेळ लागायचा, तेवढ्यात अंजनी तिथे डोकावायची. पहिल्यांदा नुसती बघत होती. मग एकदा गाठोड्यावर चढली आणि तिथून पुढे उतरणं तिला जड जाऊ लागलं.

त्या खेळाचं इंग्रजी नाव पेटीवर होतं, पण पोरं त्याला ‘गल्ली’च म्हणत. एका शहराच्या गल्लीबोळांतून गुंड येतात आणि आपण त्यांना बदडत पुढे जायचं, एवढाच खेळ. साखळीवाला यायचा, जाड्या यायचा, बाटली फेकणारे जुळे भाऊ यायचे. शेवटी पांढऱ्या सुटातला लास्ट डॉन खुर्चीवरून उठायचा. नवी पोरं बटणं बडवत सुटायची आणि पहिल्याच गल्लीत मरायची. अंजनीही मरायची. पण मरता मरता तिच्या लक्षात आलं की साखळीवाला साखळी फिरवण्याआधी एक पाऊल मागे घेतो. जाड्या धावत आला की पळायचं नाही, जरासं खाली सरकायचं. तो आपल्या रेषेत येईपर्यंत थांबायचं आणि मग दोन ठोसे, दम, पुन्हा दोन. हे कळलं त्या दिवशी जाड्या धपकन पडला आणि घरी जाईपर्यंत अंजनी चालली की उडाली, तिला आठवत नाही.

तुम्हाला सायकल पहिल्यांदा आली तेव्हा जे झालं, तेच हे. हात शिकतात, आणि शिकलेले हात मग गप्प बसत नाहीत. वर्गात बाई भूगोल शिकवत असायच्या आणि अंजनीची बोटं बाकाखाली चालू असायची. दोन ठोसे, दम, पुन्हा दोन. जेवताना, झोपताना, नळावर रांगेत, सगळीकडे तिला तो जाड्या दिसायचा.

पार्लरमध्ये एक रीत होती. एखाद्याला गल्ली पार करता येईना, की तो शेजारच्या हुशार पोराला म्हणायचा, “पास करून दे ना.” मग तो हुशार दांडा हातात घ्यायचा, गल्ली पार करून द्यायचा आणि बाजूला व्हायचा. नाणं एकाचं, हात दुसऱ्याचे. अंजनीला नाणं लागेनासंच झालं. शाळेत जिला कुणी पहिल्या बाकावर बसवत नव्हतं, तिला इथे मोठी मोठी पोरं हाका मारायची, “ए अंजनी, इकडे ये, पास करून दे.” या हाकेसाठी तिचे पाय कारखान्याआधी पार्लरकडे वळायचे. घरी उशीर झाला की ती सांगायची, सेठने थांबवलं.

गयाबाई फार बोलायची नाही. रात्री पोरीचे निळे तळपाय बघायची आणि म्हणायची, “पाय धू आधी.” न धुतलेल्या जीन्सचा रंग सुटतो. धागे काढणाऱ्या बाईची बोटं निळी होतात. पण वाहून नेणाऱ्या पोरीचे तळपाय निळे का व्हावेत, हे अंजनीच्या मनातही आलं नाही.

लास्ट डॉनला मात्र अजून कुणी पाडलं नव्हतं. तो एकट्याने पडतच नाही, दोघं लागतात, असं पोरं म्हणत. अंजनीला त्या पावसाळ्यात जोडीदार मिळाला. हरिचंद्र त्याचं नाव, तिच्याच वयाचा, कामही तेच, गाठोडं पोचवायचं. खेळायला कच्चा होता, पण घाबरट नव्हता. दोघं आपापल्या गाठोड्यावर शेजारी शेजारी उभे राहायचे. हरिचंद्र अडचणीत आला की अंजनी आपला दांडा सोडून त्याचा ओढून घ्यायची, त्याला वाचवायची आणि परत आपल्याकडे यायची.

“मला पण मरू दे ना कधीतरी,” तो एकदा म्हणाला.

“मर की, पण डॉनच्या पुढे मर,” अंजनी म्हणाली, आणि मागे उभी पोरं हसली.

एका शनिवारी दोघं डॉनपर्यंत पोचले. पार्लरमधली सगळी पोरं मागे गोळा झाली. डॉनची लाल पट्टी कमी कमी होत बोटाच्या पेराएवढी उरली. डॉन काठी मारण्याआधी टोपीला हात लावतो, हे अंजनीला त्या दिवशी दिसलं. पण दिसलं आणि ती पडली, एवढ्यात झालं सगळं. हरिचंद्र आधीच मेला होता. पडद्यावर आकडे उलटे उतरू लागले, शून्याच्या आत नाणं टाकलं तरच खेळ पुढे चालणार होता, आणि कुणाच्याच खिशात नाणं नव्हतं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं की सेठ आज लवकर शटर लावणार आहे. दोघांनी उड्या टाकल्या, गाठोडी उचलली आणि धावले.

हरिचंद्र पुढे होता. त्याचं गाठोडं सेठने सोडलं, दोन-चार पँटी उलटसुलट केल्या आणि खूश होऊन म्हणाला की तुझ्या आईचा हात आता बसला. मग अंजनीचं गाठोडं सोडलं. पहिल्याच पँटच्या खिशातून धाग्यांचा झुपका लोंबत होता. दुसरीच्या पट्ट्याला, तिसरीच्या चेनखाली, सगळीकडे तेच.

सेठने चष्मा वर केला. “बेटा, ये गयाबाई का काम नहीं है. आईला काय झालं? डोळे गेले का?”

खाकी कापड दोन्ही गाठोड्यांना सारखंच, कारखान्यातलं. डॉनच्या नादात अंजनीने हरिचंद्राचं उचललं होतं आणि त्याने तिचं. सेठ सांगत होता की शटर पडायला अर्धा तास आहे, तेवढ्यात नीट करून आणलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून हा माल दुसऱ्या बाईकडे जाईल.

तिने तोंड उघडलं. एक वाक्य बोललं की आईचं काम वाचणार होतं. तेवढ्यात तिची नजर दारात उभ्या हरिचंद्राकडे गेली. तो मान खाली घालून आपली बोटं बघत होता. बोटं निळी होती, नखांपर्यंत. रोज ती बोटं तिच्या शेजारी दांड्यावर असायची आणि तिने ती कधी बघितलीच नव्हती.

अंजनीने तोंड मिटलं, गाठोडं बांधलं आणि बाहेर आली. हरिचंद्र मागोमाग आला.

“मी सांगतो त्यांना. चल,” तो म्हणाला.

“धागे तू काढतोस?”

त्याने सांगितलं, तुटक तुटक. आई नळावर घसरली होती आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. काम एकदा दुसरीकडे गेलं की परत मिळत नाही, म्हणून सेठला कळवलं नव्हतं. येता येता रस्त्यातही तो धागे काढायचा. खिशातून त्याने कटर काढून दाखवलं.

“मग सांगू नकोस,” अंजनी म्हणाली. “तुझं काम जाईल. आण इकडे, मी पास करून देते.”

पार्लरच्या पायरीवर गाठोडं सोडून ती बसली. कटर एकच होतं. आईचं बघून बघून हे काम तिच्याही हातात होतं. खिसा उलटा, अंगठा, कच. खिसा उलटा, अंगठा, कच. हरिचंद्र शेजारी बसून झालेल्या पँटींची घडी घालत होता. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, “आज तू करशील. सोमवारच्या गाठोड्याचं काय?”

अंजनीचा हात थांबला.

नेमकी तेव्हाच आतून हाक आली. कुणीतरी मोठ्या पोराने डॉनपर्यंत मजल मारली होती. “अंजनी, डॉन आलाय. ये लवकर, पास करून दे.” त्या पेटीचं शेवटच्या गल्लीचं संगीत बाहेरपर्यंत येत होतं. टोपीचं गुपित फक्त तिलाच ठाऊक होतं. तिची बोटं आपोआप हलायला लागली. तुमचीही हलली असती.

तिने कटर हरिचंद्राच्या हातात ठेवलं. तो समजला ती आत चालली. पण ती तिथेच बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

“खिसा उलटा कर,” ती म्हणाली. “घाई नको. धागा शोधू नकोस डोळ्यांनी. अंगठा फिरव, अडकला की तिथे आहे.”

पहिल्या पँटला त्याने फार वेळ लावला. अंजनीचे हात मांडीखाली वळवळत होते. तिला वाटत होतं, ओढून घ्यावं, दोन मिनिटांत संपवावं. दुसऱ्या पँटला त्याचा अंगठा चेनखाली अडकला आणि तो स्वतःच म्हणाला, “हा.” तिसरीला तिला काही सांगावंच लागलं नाही. शेवटच्या काही पँटी मात्र दोघांनी आळीपाळीने केल्या, कारण शटरचा आवाज यायला लागला होता.

सेठने अर्ध्यावर आलेलं शटर धरून ठेवलं, पँटी बघितल्या, एक खिसा स्वतः उलटा केला. मग नुसती मान हलवली आणि नवं गाठोडं पुढे सरकवलं.

त्या रात्री पाय धुताना अंजनीने आईला सगळं सांगितलं, सेठने थांबवलं नव्हतं हेसुद्धा.

“मालावर उभी राहत होतीस, ते तुझे पाय कधीच बोलले होते,” गयाबाई म्हणाली. “त्या पोराच्या आईचं प्लास्टर कधी निघणार?” आणि डब्यातून एक जुनं कटर काढून तिने अंजनीकडे दिलं, त्याला देण्यासाठी.

पुढच्या शनिवारी अंजनीने गाठोडं आधी कारखान्यात टाकलं आणि मग पार्लरमध्ये आली. सोड्याच्या बाटल्यांचं रिकामं खोकं तिने पेटीसमोर ओढलं. हरिचंद्रही गाठोडं टाकून आला होता, त्यानेही एक खोकं ओढलं. दोघं खेळले, पडले, पुन्हा उठले आणि डॉनपुढे जाऊन उभे राहिले. या वेळी अंजनी आधी मेली. डॉनची पट्टी पेराएवढी उरली होती आणि पडद्यावर एकटा हरिचंद्र. मागून पोरं ओरडायला लागली की दांडा अंजनीला दे.

हरिचंद्राने दांडा सोडला आणि तिच्याकडे वळून म्हणाला, “घे, पास करून दे.”

अंजनीने खोक्यावरून खाली उडी मारली, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि म्हणाली, “थांब तू. त्याच्या टोपीकडे बघ.”