शिजवून पाहिलेले भाऊबंद

ताईच्या प्रथिनाने अखेर दोरे विणले, म्हणून आमच्या प्रयोगशाळेने चहा घेतला. एरवीही घेतोच, पण आज कारण होतं.

ताई आमच्यातली सगळ्यात जुनी संशोधक. उकळत्या झऱ्यात राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचं प्रथिन ती चार वर्षं गोंजारत होती. आपल्या पेशींना सांगाडा असतो, त्यात अ‍ॅक्टिन नावाचं प्रथिन मण्यासारखं एकापुढे एक लागून दोरे करतं. झऱ्यातल्या प्रथिनाची घडी हुबेहूब तशीच. म्हणजे सांगाडा बांधायची कला आपल्या पेशींची नवी नाही, घराण्यातूनच आलेली, असं ताईचं म्हणणं. पण दोरे काही होत नव्हते, आणि दोरे न विणणारा भाऊबंद प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना मान्य नव्हता. उद्याच्या बैठकीपर्यंत दोरे नाहीत, तर विषय बंद.

आज सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर ते दिसले. विस्कटलेल्या लोकरीसारखे.

तेवढ्यात ससोबा आला. हा सशाच्या स्नायूंतून अ‍ॅक्टिन काढतो, म्हणून हे नाव. सशांनी अजून हरकत घेतलेली नाही.

"ताई, काल प्रथिन गाळायला माझाच कॉलम घेतलास ना? मी धुतला होता. म्हणजे… धुतल्यासारखा केला होता."

ताईचा कप हवेतच थांबला. "मग हे दोरे सशाचे?"

"चेहरेपट्टी ओळखीची वाटतेय खरी."

"शिजवून बघू," मी म्हणालो. "ऐंशी अंशांवर ससा टिकणार नाही. झऱ्यातल्याचं तर ते घरच."

"आणि काहीच टिकलं नाही तर?"

"तर उद्या सशावर बोल."

"तोंड आवर आणि नळ्या आण."

एका नळीत निव्वळ ससा, दुसरीत ताईचं मिश्रण. दोन्ही तापवल्या. दोन्हींत पांढरे गोळे झाले, अंड्याच्या बलकाभोवती होतात तसे.

"संपलं," ताई म्हणाली आणि मटकन बसली.

मी तरी गरम असतानाच दोन्हींचा थेंब सूक्ष्मदर्शकाच्या बारीक जाळीवर घेतला. यंत्राची वेळ आमच्या नावावर होती, आणि मिळालेलं सोडायचं नाही हा आमच्या घराण्याचा बाणा. सशाच्या थेंबात नुसते गोळे. ताईच्या थेंबात गोळे, आणि त्यांच्यामधून सरळसोट, दाट, सकाळच्यापेक्षा कितीतरी जास्त दोरे.

ताई खुर्चीतून उठून पडद्याजवळ आली.

"प्रथिन ठेवतेस कुठे?" ससोबाने विचारलं.

"बर्फात. प्रथिनं बर्फातच ठेवतात."

"आणि मूळचं राहतं कुठे?"

"उकळत्या…" ताई थांबली.

चार वर्षं आम्ही त्याला कडाक्याच्या थंडीत उभं करून विचारत होतो, बाबा रे, एकमेकांचे हात का धरत नाही?

मॅडम आल्या.

"सकाळचे दोरे सशाचे होते," ताईने सांगून टाकलं.

"आणि हे?"

"हे माझे."

मॅडम पडद्यावर वाकल्या. बैठकीचं नाव नाही. त्यांनी खुर्ची ओढली. "एका पिळात किती मणी, मोजलेत का?"

खुर्ची ताईची होती. ताई उभ्यानेच मोजायला लागली.