गंधक मागे राहिला

पठारावर सोनकी. कोसभर पिवळं, आणि त्यावर पिवळं ऊन.

दोरीवर वाळणारा ॲप्रन. बाहीला जळका डाग.

एका काचपात्रावर पेन्सिलीनं लिहिलेलं : शेवटचे अकरा ग्रॅम.

आश्विन. दुपार. वारा नाही.

पठाराच्या कडेला महाविद्यालय, महाविद्यालयात प्रयोगशाळा, प्रयोगशाळेत मृण्मयी. संशोधनाचं चौथं वर्ष पाठीवर घेऊन उभी. गंधकयुक्त सल्फाइडनं तिचं नायट्रो संयुग पालटलं होतं : प्राणवायू झडला, हायड्रोजन आला, अमाइन जन्मलं. पण जन्मतानाच त्याच्या अंगाला गंधक लागला. सूक्ष्म, सुवर्णवर्णी, लोचट गंधक. पुढची क्रिया घडवायला पॅलॅडियम हा उत्प्रेरक धातू लागणार. आणि गंधकाच्या कणभर स्पर्शानं पॅलॅडियम मरतं. दोनदा मेलं होतं. आता अमाइनची ही अकरा ग्रॅम पूडच उरली होती. हीही नासली, तर चार वर्षं नासली.

तिनं ती पाण्यानं धुतली, स्पिरिटनं धुतली. सात वेळा. सातव्यांदा हुंगली.

"मावशी, वास गेला!"

तीस वर्षं इथली भांडी घासणाऱ्या इंदूमावशींचा ब्रश थांबला नाही. "वास गेला, का नाक गेलं? सकाळपासून हुंगतेयस, बयो. अशानं आमचे हेसुद्धा सुवासिक वाटतील तुला." मग करंगळीतली चांदीची अंगठी काढून त्यांनी पुढे केली. "हिला विचार. गंधक लागला की काळी पडते. हिला सर्दी होत नाही."

चांदीवर चिमूटभर पूड. दोन थेंब कोमट स्पिरिट.

एक सावली उतरली. करडी, तपकिरी, काळी.

मृण्मयी स्टुलावर बसली. "आणखी किती धुऊ?"

"खरवडून निघत नाही तेव्हा मी घासत नाही. भिजत घालते."

भिजत.

कशात?

आणि ती उठली. गंधकाला काढायचंच नव्हतं. अमाइनलाच त्याच्यापासून उठवून न्यायचं होतं.

सौम्य आम्लात पूड पडली, आणि अमाइन विरघळलं. गंधक विरघळला नाही. गाळणकागदावर तो एकटा राहिला, पिवळा, हट्टी. आणि खाली उतरलं ते इतकं निर्मळ, इतकं निःशब्द, की पात्रात काही आहे हे फक्त वाकलेल्या उजेडावरून कळावं.

"सगळं गेलं गं?" मावशी कुजबुजल्या.

"आहे. दिसत नाही."

आम्ल मारायला अमोनिया. थेंब.

थेंब.

काहीच नाही.

थेंब, आणि त्या पारदर्शक पोकळीत एक शुभ्र धागा हलला. धाग्याचा ढग झाला, ढगाचे कण, कणांच्या सुया. शुभ्र, शुभ्रतर, सुयांवर सुया, जणू पाण्याला आपलंच हाड आठवलं. त्यातली चिमूटभर पूड गाळून, धुऊन मावशींनी स्वतः घासलेल्या अंगठीवर ठेवली. स्पिरिटचा थेंब टाकला. दोघी वाकल्या.

चांदी चांदीच राहिली.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या. मागे नळ वाहत होता, वाहत राहिला. आणि काचेच्या तळाशी, संथ, अजून हिम उतरत होतं.

त्याच दिवशी सकाळी साडेनऊला मृण्मयीनं आईला फोन करून सांगितलं होतं, संशोधन कायमचं सोडून उद्या घरी येतेय.