सरांची ब्रॉल

"सर, तुम्ही कधी ब्रॉल केलीये का?"

आजच्या इंग्रजीच्या धड्यात हा शब्द आला होता. प्रश्न माझा नव्हता, माझ्या बाकावरच्या वेदिका आणि हर्षालीचा होता. विचारून दाखवलंस तर समोसा, अशी पैज. मी सरळ उभी राहिले आणि विचारला. आमचे इंग्रजीचे पुंजाराम सर म्हणजे फळासुद्धा हळूच पुसणारा माणूस. ते आणि हाणामारी! वर्ग फिदीफिदी हसायला लागला.

खरं तर या शब्दानं माझंच डोकं खाल्लं होतं. मागच्या आठवड्यात दिंडोरी-नाशिक बसमध्ये मारामारी झाली, तेव्हा मी आत होते. तेव्हापासून पप्पा द्राक्षबागेतली फवारणी सोडून मला गाडीवर नाशिकला शाळेत पोचवतात, आणि जूनपासून गावातल्याच शाळेत घालायचं ठरवून बसलेत.

सरांनी खडू ठेवला. "केली नाही, पण सापडलोय. दोघं भांडले तर फाइट. ब्रॉलमध्ये थोड्या वेळानं कोण कोणाला कशासाठी मारतंय, तेच कळत नाही."

मग त्यांनी सांगितलं. घोटीचा स्टँड, संध्याकाळची गर्दी. एकानं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, दुसरा तो रुमाल उचलून तिथे बसला. झालं, अख्खी बस एकमेकांच्या उरावर. एक बाई लेकराला पोटाशी धरून सीटखाली अडकली होती. तिला काढायला सर मधे पडले आणि कोणाचा तरी जेवणाचा डबा त्यांच्या कानावर बसला. डाव्या कानानं तेव्हापासून ऐकू येत नाही. सर मान तिरकी करून ऐकतात, ती आम्हाला स्टाइल वाटायची!

आता कोणी हसत नव्हतं. हर्षालीनं मला खाली ओढलं, पण मी बसले नाही. पुढचा प्रश्न माझा होता.

"मग परत बसमध्ये कधी बसलात, सर?"

"दुसऱ्याच दिवशी. डीएडला नाशिकला जायचं होतं ना. लय भीती वाटली, ड्रायव्हरच्या मागंच उभा राहिलो." सर हसले. "कानाची पट्टी बघून एक आजोबा सरकले. म्हणाले, बसा मास्तर. तेव्हा मास्तर झालोसुद्धा नव्हतो."

संध्याकाळी पप्पा अंगणात नळाखाली फवारणीचा पंप धूत होते, आई ओट्यावर भाकरी थापत होती. पप्पा म्हणाले, उद्या लवकर आवर. मी हळूच काहीतरी बोलले, ते पाण्याच्या आवाजात विरलं. मग मी नळच बंद केला.

"पप्पा, आई, ऐका. उद्यापासून मी बसनंच जाणार. आणि दहावी नाशिकलाच करणार."