चिकटपट्टीखालचं बटण

"बाई, मला जमत नाहीये. लवकर या," कॅरिन फोनवर एवढंच म्हणाली.

चौथीत ती माझ्या वर्गात होती. आता पंचेचाळिशीला आली, तरी मी तिची बाईच. तिचे वडील अर्विड लोहखनिजाच्या जहाजावर कप्तान होते. डुलुथ बंदराच्या कालव्यातून आत शिरताना भोंगा द्यायचे, तीन लांब, दोन छोटे. आमच्या सरोवरावर जहाजं एकमेकांना असाच रामराम करतात. तो ऐकला की कॅरिन गणित टाकून खिडकीशी पळायची. मी कधी रागावले नाही.

मी पोचले तेव्हा अर्विड दिवाणखान्यातल्या पलंगावर डोळे मिटून होते. नर्स सकाळीच सांगून गेली होती, संध्याकाळ काढतील असं वाटत नाही म्हणून. त्यांचं जहाज, 'एडिथ मे', आदल्या आठवड्यात भंगारात गेलं होतं. शेवटचं निघताना जहाजावरच्या पोरांनी त्याचा व्हिडिओ काढून पाठवला होता. चार दिवस अर्विड एकच विचारत होते, "आली का एडिथ?"

"लॅपटॉप तोंडासमोर धरला तर म्हणाले, मध्ये नुसतं काळं दिसतं," कॅरिन सांगत होती. "नजरेचा मधला भागच गेलाय ना. मोठ्या टीव्हीवर कडेकडेने तरी दिसेल. पेनड्राइव्ह टीव्ही घेत नाही. लॅपटॉपची वायर टीव्हीला तीनदा लावली, काढली. हे बघा!"

टीव्हीवर हवामानाच्या बातम्या चालू होत्या.

"वायर बदलून बघितलीस?"

"ही दुसरीच आहे, शेजाऱ्यांकडून आणलेली. बाई, शिकवत बसू नका हो आता!"

अर्विडचा श्वास थांबला. आम्ही दोघी पलंगाकडे वळलो. मग तो घरघरत परत सुरू झाला.

"व्हिडिओ लाव," मी म्हणाले. "आता वायर घाल."

लॅपटॉपवर पाणी कापत जहाज पुढे येत होतं, भोंगा वाजत होता. वायर बसताच भोंगा बंद पडला. चित्र तसंच चालू.

"आवाज गेला! आता तोही गेला," कॅरिन रडकुंडीला आली.

"गेला कुठे? नीट विचार कर."

"मला काय माहीत कुठे!"

"वायरीतून गेला. म्हणजे टीव्हीपर्यंत पोचलाय. टीव्ही मात्र दुसऱ्याच दाराशी उभा आहे. त्याला दार बदलायला सांगायचं. रिमोट दे."

मी रिमोट हातात घेतला. चालू-बंद, आवाज आणि चॅनल सोडून सगळ्या बटणांवर जाड चिकटपट्टी होती, घट्ट बसलेली, मळून काळी झालेली.

"हे कुणी केलं?"

कॅरिनने नखाने पट्टी खरवडायला घेतली. "मीच. बाबा भलतंच काहीतरी दाबायचे आणि मग रात्री फोन करायचे, टीव्ही मेला म्हणून. मी ओरडले होते त्यांच्यावर. तीन वर्षं झाली."

तिच्या नखांनी पट्टी निघेना. मी स्वयंपाकघरातून सुरी आणली. ती तिच्याच हातात दिली, मी मध्ये पडले नाही. पट्टीबरोबर एक बटण अर्धं उखडलं. त्याच्या शेजारचं तिने दाबलं. पडद्यावर इनपुटची यादी आली. एक दार, काळं. दुसरं दार.

अख्खी भिंत निळी झाली. एडिथ मे इतकी स्वच्छ, की पुढच्या टोकावरचा गंज मोजता यावा.

"बाबा! बाबा, एडिथ आली. बघा ना!"

अर्विडनी डोळे उघडले नाहीत.

"उशीर केला मी," कॅरिन पुटपुटली. "बाई, मी उशीर केला."

"आवाज वाढव," मी म्हणाले. ते बटण उघडंच होतं.

खिडकीच्या काचा थरथरल्या. तीन लांब, दोन छोटे. मग कालव्यावरच्या पुलानेही आपला भोंगा वाजवून उत्तर दिलं.

चादरीवर अर्विडचा अंगठा हलला. त्यांनी तो पलंगाच्या कठड्यावर टेकवला आणि दाबून धरला. सोडला. पुन्हा दाबला. तिसऱ्या वेळी फार वेळ लागला, आणि मग हात तिथेच राहिला.

आम्ही वाट पाहिली. श्वास परत आला नाही.

कॅरिनने त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि उरलेले दोन छोटे दिले.