डावीकडची शून्यं

“सांग बघू, कुठंय?”

वडिलांचा हा आवाज तिच्या कानात पन्नासहून जास्त वर्षं मुक्कामाला होता. रफूच्या दुकानाच्या पायरीवर ऊन आलं की ते रफू केलेला कोट तिच्यापुढे धरायचे. फाटलं होतं कुठे, ते तिनं शोधायचं. आठ वर्षांची पोर बोट ठेवायची ते नेमकं त्याच जागी. वडील आधी खट्टू व्हायचे, मग हसायचे आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, “आमच्या पोरीच्या नजरेतून धागासुद्धा सुटत नाही.”

त्या नजरेवर तिनं जन्म काढला. वडिलांच्या मागे दुकान चालवलं, नवऱ्याच्या मागे मुलगा वाढवला. आणि साठी ओलांडल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं की डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. कडेची नजर गेली, ती परत यायची नाही. उरलीय ती थेंब घालून राखायची. समोरचं तर लख्ख दिसत होतं. सुईत दोरा पहिल्या फटक्यात जात होता. मग सांगायचं कशाला? तिनं मुलाला सांगितलं नाही, शेजारणीला सांगितलं नाही. देवमासे आणि डॉल्फिन मोजणाऱ्या बोटीवर दोन आठवड्यांसाठी स्वयंसेवक हवेत, असं वाचून तिनं फॉर्म मागवला. ‘नजरेचा काही त्रास?’ या प्रश्नापुढे तिनं ‘नाही’ लिहिलं, आणि फॉर्मपासूनही ती गोष्ट लपली.

“आई, देवमासे मोजायला कोण जातं?” मुलगा फोनवर म्हणाला. “घरात गुडघे धरून जिना चढतेस तू.”

“समुद्राला जिना नसतो,” ती म्हणाली आणि बॅग भरायला बसली.

बोट फार मोठी नव्हती. सुकाणूच्या खोलीच्या छपरावर तीन खुर्च्या घट्ट बसवल्या होत्या. डावीकडच्या खुर्चीतल्यानं डावा समुद्र बघायचा, उजवीकडच्यानं उजवा, मधल्यानं लिहायचं. दर अर्ध्या तासानं जागा बदलायची, म्हणजे डोळे शिणत नाहीत. बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले असं धरून दिशा ओरडायची.

हे सगळं शिकवलं ते प्रमुख संशोधक असलेल्या मुलीनं. वय जेमतेम पस्तीस, पण अख्खी बोट तिला ‘बाई’ म्हणायची. पहिल्याच दिवशी बाईंनी दोन नियम सांगितले. सुट्टीवर असलेल्याला काहीही दिसलं तरी त्यानं ब्र काढायचा नाही. पहाऱ्यावरच्यांना आपणहून दिसेल तेवढंच धरायचं, नाहीतर मोजणी वाकडी होते. आणि दुसरा, “काही दिसलं नाही तर रकाना मोकळा सोडू नका. शून्य लिहा. मोकळा रकाना म्हणजे आम्ही बघितलं नाही. शून्य म्हणजे डोळे लावून बघितलं, आणि तिथे काही नव्हतं.”

“तोंड बंद ठेवायचं? माझ्यासारखीला ही शिक्षाच झाली,” बेकरीवाली म्हणाली. बेकरी चालवणारी ही दुसरी स्वयंसेविका रफूवालीच्याच केबिनमध्ये, वरच्या फळीवर झोपायची. पहाटेच उठायची सवय, त्यामुळे हिचं चोरून थेंब घालणं तिनं दुसऱ्याच दिवशी पकडलं.

“डोळ्यात काय घालता हो मावशी?”

“चष्मा पुसायचा कंटाळा येतो, म्हणून डोळेच धुते.”

बेकरीवाली खळखळून हसली. ती हसली म्हणून हीही हसली, आणि बाटली उशीखाली गेली.

तिसऱ्या दिवशी उजव्या खुर्चीत असताना तिला पहिला देवमासा दिसला. पाणी कसं शांत, कापडाचा तागा उलगडून ठेवावा तसं. आणि त्या निळ्या तागातून एक पांढरा श्वास वर आला, उभा राहिला, वाऱ्यानं विरला. मागोमाग काळी पाठ आली, सावकाश, जणू कुणी कूस बदलतंय.

“दोन वाजता! चारशे मीटर!” ती अशी किंचाळली की खालून कप्तानानं डोकं बाहेर काढलं. “मावशी, हळू! तुमच्या आवाजानं बुडाला तो.”

त्या दिवसापासून तिचं वय कुठे गेलं कोण जाणे. उजव्या खुर्चीत ती राणी होती. डाव्या खुर्चीत मात्र ती मान फिरवून फिरवून बघायची, दुखेपर्यंत. पण डॉल्फिन काही थांबून राहत नाही. पापणी लवते तेवढ्यात वर येतो आणि जातो. डावीकडे तिला काहीच दिसायचं नाही. नसतील, ती मनाशी म्हणायची. सगळीकडे थोडेच असतात? आणि मधल्या खुर्चीतल्याला सांगायची, “शून्य.”

नवव्या दिवशी सकाळी तिची डावी पाळी संपली. ती शिडीवरून खाली उतरते तोच बेकरीवालीनं तिचा हात धरला. बेकरीवाली सुट्टीवर होती, कठड्यावर टॉवेल वाळत घालत होती.

“काय मावशी, मजा आली ना? सहा होते बघा. एक तर एवढंसं पिल्लू, आईला चिकटून. तुमच्या डाव्या हाताला, अगदी जवळ. मी तर टॉवेल तोंडात कोंबला, ओरडायला होईल म्हणून!”

तिनं टॉवेलचं दुसरं टोक धरलं. मग म्हणाली, “हो ना. छान होते.”

शिडी उतरण्याआधीच तिनं शून्य सांगितलं होतं.

दुपारी वारा सुटला, लाटांवर पांढरे शेंडे आले, तसा बाईंनी पहारा बंद केला. अशा वेळी खालच्या खोलीत फोटो जुळवायचं काम असायचं. प्रत्येक डॉल्फिनच्या पाठीवरच्या त्रिकोणी पराची मागची कड वेगळी फाटलेली असते. नव्या फोटोतली कड जुन्या फोटोंशी लावून बघायची. जुळली तर तो ओळखीचा. कॉम्प्युटर आधी जुळवायचा, आणि त्याला न जुळलेले फोटो माणसांपुढे यायचे.

तिनं भिंग डोळ्याला लावलं. इथं कडेच्या नजरेचं कामच नव्हतं. चौदावा फोटो तिनं धरला, ठेवला, परत धरला. ओठांत वडिलांची जुनी गुणगुण आली:

उभा दोरा वाट पाहे,
आडवा दोरा भेटी जाये.

“बाई,” ती म्हणाली, “ही कड दोनदा फाटलीय. वरचं मोठं फाटलंय ते नवं. त्याच्या खाली तीन बारीक दाते आहेत, ते जुने. नवं झाकून बघा.” तिनं अंगठ्यानं फोटोतलं नवं फाटलेलं झाकलं आणि जुन्या फोटोंच्या वहीतलं एक पान शेजारी सरकवलं.

बाई वाकल्या. एकेक दाता बोटानं लावून बघितला. मग एकदम खुर्चीवरून उठल्या. “कंगवा! अहो, ही कंगवा आहे! या दात्यांवरूनच नाव ठेवलेली. अकरा वर्षं झाली, कुणी बघितली नव्हती. आम्ही तिला गेलेल्यांत धरलं होतं.”

“गेली नव्हती,” बेकरीवाली म्हणाली, “फक्त कपडे बदलून आली.”

खोलीत हशा पिकला. कप्तान धावत आला, स्वयंपाकी हात पुसत आला. फोटोत कंगव्याच्या मागे धूसर असा एक छोटा पर दिसत होता, पिल्लाचा. बाईंनी रफूवालीचे दोन्ही हात हातात घेतले. “तुमच्यासारखी नजर या बोटीवर कुणाची नाही, मावशी.”

कुणी तोंडात साखर घालावी आणि ती कडू लागावी, तसं तिला झालं.

मग बाईंनी टेबलावर नकाशा पसरला. आज सकाळपर्यंतचे आकडे त्यावर पेन्सिलीनं मांडलेले होते. एका बाजूला ठिपकेच ठिपके, आणि एक लांब पट्टा नुसत्या शून्यांचा.

“हा बघा,” बाई कप्तानाला म्हणाल्या. “इथं ओळीनं शून्य. मोठ्या जहाजांचा नवा रस्ता आखायचाय ना, तो इथूनच न्या म्हणावं लागेल. निदान कुणाच्या अंगावरून जहाज जायचं नाही.”

तो पट्टा कुठला, हे तिला विचारावं लागलं नाही. प्रत्येक शून्यापुढे पहारेकऱ्याचं नाव होतं, आणि या पट्ट्यात ते तिचंच होतं. सकाळचे सहा तिथेच होते. एवढंसं पिल्लू, आईला चिकटून.

“उद्या वारा पडतोय, परवापासून परत सुटेल,” कप्तान म्हणाला. “एक दिवस हातात आहे. कुठे जायचं बोला.”

बाईंनी पेन्सिल नकाशाच्या दुसऱ्या टोकाला टेकवली. “हा पट्टा तर झालाच. मग उद्या तिकडे, खोल पाण्यात. आणि मावशींना डावी खुर्ची द्या, ऊन उजवीकडून येणार आहे.”

बेकरीवालीनं कौतुकानं तिच्या पाठीवर थाप मारली. कप्तान वळला, दारापर्यंत गेला. एकदा तो इंजिनवाल्याशी बोलला की उद्याची वाट ठरली.

तिला वाटलं, आता बोलले की संपलं. उद्यापासून कुणी मावशींची नजर म्हणणार नाही. भांडी घासायला लावतील, किंवा बंदर लागेपर्यंत खाली बसवतील. मुलाला कळेल. मग तो हाताला धरून जिना चढवेल, जन्मभर. तिनं भिंग टेबलावर ठेवलं.

“कप्तान, थांबा,” ती म्हणाली. तिचाच आवाज तिला अनोळखी वाटला. “बाई, उद्या खोल पाण्यात जाऊ नका. याच पट्ट्यावर परत जाऊ या. मला सोडून कुणालाही डावीकडे बसवा.”

“का हो मावशी? काय झालं?”

“माझ्या डाव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही. दोन वर्षं झाली. फॉर्मवर मी खोटं लिहिलं. डावीकडची माझी सगळी शून्यं पुसून टाका, बाई. सकाळी तिथे सहा डॉल्फिन होते, पिल्लासकट. हिला दिसले. मला नाही दिसले.”