तारखेशी गट्टी

सहीच्या जागी मारलेला शिक्का किंचित तिरका उमटला होता. लाल वर्तुळ, आत आडनावाची दोन अक्षरं, आणि डाव्या कडेला शाई पुसट... मे महिन्यात मारला तेव्हा एवढी घाई झाली होती की काय? चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला, रजेच्या अर्जावर शिक्का मारताना? दिनांक सतरा नोव्हेंबर, कारण घरगुती. मिझुहो त्या ‘घरगुती’कडेच बघत राहिली, कारण वरच्या ओळीतल्या तारखेकडे बघायचा धीर होत नव्हता.

“परत घे तो,” इवाकीबाई म्हणाल्या. शाळांना जेवण पुरवणाऱ्या त्या प्रचंड स्वयंपाकघराच्या त्या मुख्य. अर्ज त्यांनीच ऑफिसातून आणला होता, रबरी बुटांनी फरशीवरचं पाणी तुडवत. “तुझा गेम गेला ना पुढे, एप्रिलात? आमचे हे सकाळी पेपर वाचता वाचता म्हणाले. आणि सतराला करी-भात आहे, बत्तीसशे मुलांचा. मला माणसं लागतील.”

“हो.”

“नऊ वर्षं झाली ना गं? तुझं लग्नच ठरलंय त्याच्याशी. मुहूर्त तेवढा निघत नाही.”

भाज्या धुणाऱ्या बायका हसल्या. मिझुहोही हसली, तोंडावर मास्क होता म्हणून डोळ्यांनीच हसली, आणि कढईतलं गाजर वल्ह्याएवढ्या पळीने ढवळत राहिली. दर वेळी हसायच्या त्या, आणि दर वेळी तिला ते आवडायचं—सगळ्यांना ठाऊक होतं की ‘नदीपारचे दीप’ या व्हिडिओ गेमचा नवा भाग ज्या दिवशी दुकानात येतो त्या दिवशी ही बाई कामावर येत नाही, चौथ्या भागाला आली नाही, तिसऱ्याला आली नाही. आज मात्र ते हसू कढईच्या वाफेसारखं तोंडावर आलं आणि आतपर्यंत पोळत गेलं. एप्रिलची तेवीस. पाच महिने आणि सहा दिवस. दर्जा आणखी चांगला व्हावा म्हणून, असं गेम बनवणाऱ्या तोक्योतल्या त्या लोकांनी म्हटलं होतं, आपली मनापासून क्षमा मागतो असंही. मागा क्षमा. वाकून वाकून मागा... पण सायोकोला, शाळेपासूनच्या मैत्रिणीला, हे कोण सांगणार?

डॉक्टरांनी सायोकोच्या आईला जूनमध्येच सांगितलं होतं: पानगळीचे दिवस नीट जातील, नव्या वर्षानंतरचं सांगता येत नाही. आईने मिझुहोला सांगितलं, दवाखान्याच्या जिन्यात, भिंतीकडे तोंड करून. सायोकोला कुणी सांगितलं नाही आणि सायोकोला सगळं ठाऊक होतं. “मला सतरा नोव्हेंबरपर्यंत नेऊन सोडा,” ती डॉक्टरांना म्हणाली होती, “पुढचं माझं मी बघते.” डॉक्टर हसले होते. त्यांना वाटलं, हिच्या घरी कुणाचा वाढदिवस असेल.

आणि तारीख पुढे गेल्याचं सायोकोला आपणहून कळायचं नव्हतं. कसं कळणार? तिचं झाकण पक्कं होतं.

झाकण... शब्द तिचाच. शाळेत नववीला असताना, दुसरा भाग यायला पंधरा दिवस होते, आणि पुस्तकांच्या दुकानात कुणीतरी उघडं टाकलेलं मासिक सायोकोने सहज बघितलं—नावाडी मरतो. तो म्हातारा, चेष्टेखोर नावाडी, पहिल्या भागात ज्याने त्यांना हाताला धरून नदी पार करून दिली होती, तो मरतो, आणि ते त्या चकचकीत पानावर आधीच छापलेलं. ती दुकानातच रडली. मग दोघी तोत्तोरीच्या किनाऱ्यावर वाळूत बसल्या, आणि वारा असा की दातांत वाळू येत होती, आणि तिथे ठरलं: यापुढे नवा भाग येणार म्हटलं की त्यावर झाकण. चित्र बघायचं नाही, गाणं ऐकायचं नाही, कुणी काही बोललं तर कान झाकून गुणगुणायचं. ठाऊक असावी ती एकच गोष्ट, तारीख.

डोळ्यांशी कट्टी, कानांशी कट्टी,
तारखेशी तेवढी गट्टी...

किती मोठ्याने म्हणायच्या त्या. पुढे नोकऱ्या लागल्या, सायोकोचं लग्न झालं, मोडलं, तरी दुकानातल्या पडद्यावर नव्या गेमची झलक चालू असली की दोन मोठ्या बायका दोन्ही कानांवर हात ठेवून मान खाली घालून पुढे जायच्या, आणि रस्त्यावरचे लोक वाट सोडायचे. त्या कधी एकत्र खेळल्या नाहीत. खेळायच्या आपापल्या घरी, आपापल्या वेगाने. एकत्र बघितली ती फक्त वाट.

आणि मी ते मोडलं.

मिझुहोने पळी थांबवली. जूनमध्ये, जिन्यातून उतरून गाडीत बसल्यावर, काच वर करून, फोनवर नव्या भागाची झलक बघितली—दोन मिनिटं चाळीस सेकंद. का बघितलंस? सायोको पोचली नाही तर तिला द्यायला ओंजळीत काहीतरी असावं म्हणून... की आपल्यालाच धीर निघाला नाही म्हणून? नदीवर पहाट होते. पाणी काळं असतं, मग जांभळं. नाव येते, वल्हं मारणारी एक मुलगी आहे, आणि ती मान वळवते तेव्हा... तेव्हापासून तिला सायोकोच्या डोळ्यांत बघता येत नव्हतं. आपल्या डोळ्यांत ते पाणी तिला दिसेल असं वाटायचं.

साडेतीनला सुटी झाली. तिने चार नासपती घेतल्या, हिरव्यागार, सप्टेंबरातल्या, आणि गाडी चालवताना ठरवत राहिली: सांगायचं नाही. कुणी सांगणार नाही, आईला गेममधलं काही कळत नाही, परिचारिकांना काय पडलंय. सतराला सकाळी बघू. सतराला सकाळी काय बघशील? रिकाम्या हाताने जाशील? बघू म्हटलं ना.

सायोको उशीला टेकून बसली होती. डोक्याला आकाशी रुमाल.

“आलीस? वास येतोय तुला गाजराचा.”

“करीची तयारी होती.”

“मला इथे रोज तोच पांढरा मासा. त्याला बिचाऱ्यालाही कंटाळा आला असेल माझा.” ती नासपतीकडे बघून म्हणाली, “सोल. एक फोड खाईन. आईला दोन खाल्ल्या म्हणून सांग.”

मिझुहो सोलू लागली. साल लांबच लांब उतरत होती, आणि सायोको बोलत होती—शेजारच्या खाटेवरची आजी झोपेत भाजीवाल्याशी भांडते, काल मुळ्यावरून भांडली—आणि मग अगदी सहज, खिडकीकडे बघत, “पंचावन्न दिवस राहिले. मी आईला सांगून ठेवलंय, गेमचं यंत्र इथे आणायचं, त्या टेबलावर बसतं की नाही ते मोजून घेतलंय. बोटांत जोर नाही गं पूर्वीसारखा. पण घाई कुठाय, सावकाश खेळेन. नुसती पहिली नदी पार केली तरी...”

पंचावन्न. मोजून घेतलंय. मिझुहोच्या हातात सुरी होती आणि फोड होती आणि छातीत काहीतरी इतकं भरून आलं होतं की ते बाहेर आलं नसतं तर ती रडली असती, आणि रडायचं नव्हतं, म्हणून दुसरंच काहीतरी बाहेर आलं, प्रेमाने, अगदी हळू.

“सायो, एक सांगू? सुरुवातीला पहाट होते. पाणी आधी काळं असतं, मग—”

बोलता बोलता तिला दिसलं. सायोकोचा चेहरा हलला नाही. फक्त त्यावरचं बोलणं थांबलं. आणि मग मिझुहोला कळलं की आपण काय केलं. जो खेळणार आहे त्याला कुणी सुरुवात सांगत नाही. तीस वर्षांत एकदाही, भांडणातसुद्धा, त्यांनी एकमेकींना सांगितली नव्हती. सुरुवात सांगायची ती फक्त...

“कधी?” सायोकोने विचारलं.

“काय कधी?”

“कधी गेला पुढे? कुठवर?”

“एप्रिल,” मिझुहो म्हणाली. “तेवीस. आजच कळलं.”

सायोकोने मान हलवली. बोटं चादरीवर काही मोजत होती, मग त्यांनी मोजायचं सोडून दिलं. ती म्हणाली, “पण पाणी तू आज नाही बघितलंस.”

“नाही.”

“कधी बघितलंस?”

“जूनमध्ये.”

“जूनमध्येच.” हे ती इतकं हळू म्हणाली की मिझुहोला एप्रिलपेक्षा ते जास्त लागलं. “म्हणजे तू जूनपासूनच मला खेळणाऱ्यांत धरत नाहीस.”

“तसं नाही गं—”

“मग कसं?”

फोड हातात तांबूस पडत चालली होती. मिझुहो म्हणाली, “सगळं सांगते. हवं असेल तर. दोनच मिनिटांचं आहे, पण मी नीट, सावकाश सांगेन...” आणि आपला आवाज किती आर्जवी झाला आहे हे तिचं तिलाच ऐकू आलं, हे देणं सायोकोसाठी नव्हतं, एवढं ओझं एकटीने वाहवत नव्हतं म्हणून ती ते उशीशी उतरवू बघत होती.

सायोकोने दोन्ही हात उचलले. त्यांना वेळ लागला. नावाची प्लास्टिकची पट्टी मनगटावरून घसरत कोपरापर्यंत गेली. तिने तळवे कानांवर ठेवले, डोळे मिटले, आणि ती गुणगुणू लागली—सूर नव्हताच, नुसती एक बारीक, हट्टी घरघर, मिझुहोचे ओठ पूर्ण मिटेपर्यंत, आणि त्यानंतरही.

मग हात खाली आले. “फोड दे,” ती म्हणाली. खाल्ली, अर्धी. “एप्रिलात इथे चेरी फुलते, त्या खिडकीतून. आई सांगत होती. तूही यापुढे काही बघू नकोस. जेवढं बघितलंस ते विसर.”

“विसरता येतं का असं?”

“प्रयत्न कर. मी कितीतरी गोष्टींचा करतेय.”

परतताना रस्त्यावर कामावरून सुटलेल्यांची गर्दी होती. डावीकडे समुद्र. मिझुहो डोळ्यांपुढून ते पाणी पुसायचा प्रयत्न करत होती, आणि पुसता पुसता तिला ते रंगवणारं माणूस दिसू लागलं—तोक्योत कुठेतरी, एखादी बाई, तिच्याच वयाची, पडद्यासमोर वाकलेली, पहाटेचं जांभळं मनासारखं उतरत नाही म्हणून पुन्हा पुसणारी. सकाळी तिने याच बाईला शिव्या दिल्या होत्या. किती घोळ घालाल, किती वर्षं, इथे माणसं आहेत... आणि आता? आता तिला वाटत होतं की त्या बाईचं समाधान होऊच नये. एप्रिलातही होऊ नये. पूस, बाई, पुन्हा काढ, तेवीस तारीख उजाडू देऊ नकोस—कारण गेम येतच नाही तोवर कुणाला उशीर झालेला नाही, तोवर दोघी एकाच काठावर आहेत.

“घाई नाही,” ती मोठ्याने म्हणाली.

बंद गाडीत तो आवाज तिला परका वाटला. सायोकोने एप्रिल मागितला होता, चेरीसकट. आणि आपण इथे तोच एप्रिल येऊ नये म्हणून विनवत होतो... हे तिच्यासाठी, की तिच्याविना त्या नदीत पाय टाकावा लागू नये म्हणून? पुढच्या गाड्या हलल्या. मागून कुणीतरी हलकेच हॉर्न वाजवला, आणि मिझुहोला पुढे जायचं होतं, पण ब्रेकवरचा पाय कितीतरी वेळ उचलतच नव्हता.