आत्याबाईंची बिनतिखट पेज

मिक्सरचं भांडं धुवायचं असतं हे मला कुणी सांगितलं होतं का? न्हाई. मंग माझ्यावर डाफरायचं काय कारण?

आमचे मालक मच्छिंद्र पिंपरीला कारखान्यात कामाला. सुट्टीला तेवढे केंदूरला यायचे. त्या उन्हाळ्यात आत्याबाईंना, म्हंजी माझ्या सासूला, कावीळ झाली. शिरूरच्या डॉक्टरनं बजावलं, तिखट न्हाई, तेल न्हाई, मऊ पेज द्या. अशाच तोंड मिटून बसल्या तर पुण्याच्या दवाखान्यात न्यावं लागंल. आत्याबाईंच्या थोरल्या दिरांना असंच पुण्याला नेलं होतं, ते काय माघारी आले न्हाईत. तवापासनं पुण्याचं नाव काढलं की त्या भिंतीकडं तोंड करायच्या.

मालकांनी मिक्सर आणला तो त्यांच्यासाठीच. मला म्हणाले, ह्यात भरड काढ, पेज कर आन् आईला चार. जशी काय मी आजवर पायानं दळत होते. विजेचा खांब गेल्या सालीच आळीत आलेला, त्यामुळं ते यंत्र बघायला अर्धं गाव लोटलं.

मी तांदूळ आन् मुगाची डाळ कोरडी भाजायची, मिक्सरात भरडायची आन् पेजेत पालक घोटायची. आत्याबाई दोन घोट घ्यायच्या आन् वाटी सरकवायच्या. अख्ख्या आळीचा काळा मसाला ज्यांच्या सांगण्यावर व्हायचा, त्या बाईच्या घशाखाली असलं पचपचीत कसं उतरावं? गालफडं बसली, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. मला लई भ्या वाटायचं. सासूच उरली न्हाई तर मी भांडू कुणाशी?

तेवढ्यात मसाल्याचे दिवस आले. दरसाली आमच्याच दारात उखळ असायचं. बाया कांडायच्या आन् आत्याबाई खाटेवरनं हुकूम सोडायच्या, धने आणखी भाजा, मिरची काढा आता. औंदा त्याच आत पडलेल्या. शेजारची खुर्शिदभाभी म्हणाली, मिक्सर हाय की. मंग काय, रोज दुपारी एकेकीचा मसाला घरघर करत निघायला लागला. सगळ्या ठसकत होत्या आन् हसत होत्या. कशात काय किती घालायचं ते मीच अंदाजानं सांगत होते. आत जाऊन विचारायची छाती झाली न्हाई.

मसाला झाला की भांडं फडक्यानं पुसायचं आन् सांजच्याला त्यातच पेजेची भरड काढायची. जात्याला न् उखळाला कुणी पाणी लावतं का? आन् हे तर विजेचं यंत्र. पाणी लावून मरायला मी काय खुळी न्हाई.

तर नवल असं झालं की आत्याबाईंची वाटी चाटूनपुसून माघारी यायला लागली. मंग तर त्या आणखी मागायला लागल्या. डॉक्टर बघून गेला, म्हणाला डोळे निवळलेत, पुण्याची गरज न्हाई. मी आळीभर सांगत सुटले, पेज करावी तर रंभानंच.

सुट्टीला मालक आले. कौतुकानं मिक्सरात डोकावले आन् सटासट शिंकले. भांड्याच्या पात्यांखाली मसाला चिकटलेला. त्यांनी घर डोक्यावर घेतलं. आईच्या जिवावर उठलीयास का, इथवर बोलले. मी तोंडानं चढून बोलत होते, पण मनात दुसरंच चाललं होतं. कावीळ उलटली तर? भांडं राखेनं घासघासून धुतलं आन् नवी पेज करून दिली.

आत्याबाईंनी एक घोट घेतला आन् वाटी सरकवली.

"आज कुणाचा मसाला न्हाई झाला व्हय?"

मी म्हटलं, तुम्हांला ठाऊक होतं?

"पैल्या दिवशी दगडफूल जास्ती होतं. मंग मिरची करपली होती. खुर्शिदचा तेवढा झकास जमला."

मालक म्हणाले, आजारपणात असलं खातं का कुणी? आत्याबाईंनी त्यांच्याकडं बघितलं बी न्हाई. माझा हात धरला.

"माझ्यामागं आळीचा मसाला कोण सांभाळंल, हाच घोर होता मला. तुला जमलं गं रंभे. आता मला पुण्याला न्या न्हाईतर कुठं बी न्या."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आन् वरनं राग बी आला. एवढी वर्षं एका शब्दानं कौतुक केलं न्हाई, आन् केलं ते जायची तयारी करून.

"कुठं जाताय? आपल्या घरचा मसाला अजून ऱ्हायलाय. तो मला न्हाई येत. उठून बसाल, सांगाल, तवाच हुईल."

धादांत खोटं. डोळे झाकून केला असता मी.  आत्याबाईंनी वाटी पुन्हा जवळ ओढली आन् ती बिनतिखट पेज तोंड वाकडं करत सगळी संपवली.